डॅशबोर्डवरचे घड्याळ भंगारात नको

जुन्या गाडीवर हौसेने खर्च करणारे लोक आता तालुक्याच्या गावांतही भेटतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पैसा जातो कुठे, तेवढे मात्र एकदा पाहायला हवे. लोणंदच्या कांदा बाजारात ट्रकच्या गर्दीतून वाट काढत एखादी पद्मिनी आली, तर तिचा रंग आणि क्रोमचे बंपर पाहून माना वळतात. दार उघडले की हिरमोड होतो. पुढची सलग लांब सीट गायब आणि तिच्या जागी कुठल्याशा हॅचबॅकच्या दोन सुट्या सीट. पत्र्याच्या डॅशबोर्डला भोक पाडून बसवलेला टचस्क्रीन आणि खाली निळी एलईडी पट्टी. बाहेरून 1970 साल, आतून मोबाइलचे दुकान.

या बाबतीत कायदाही फारसा कामाला येत नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, पहिल्या नोंदणीला 20 हजार रुपये लागतात आणि ती दहा वर्षे चालते. गाडी मूळ रूपात असावी, अशी अट आहे. पण नियमात नाव घेतले आहे ते चेसिस, बॉडी आणि इंजिनचे. सीट, मीटर, स्टिअरिंग, घड्याळ यांचा तिथे उल्लेख नाही. (अशी नोंदणी असलेली गाडी व्यावसायिक कामाला वापरता येत नाही. लग्नाच्या वरातीसाठी ती भाड्याने द्यायचा बेत असणाऱ्यांनी एवढे वाचून घ्यावे.)

पद्मिनी ही तर आपल्या घरचीच गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि फियाटच्या परवान्यावर कुर्ल्याच्या कारखान्यात ती गाडी तयार होऊ लागली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. निदान एक टॅक्सी संग्रहालयात ठेवा, अशी मागणी तेव्हा टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. उद्या कुणी ती पाहायला गेलाच, तर त्याला आत काय दिसायला हवे? स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा, हाताने फिरवायचे काचेचे हँडल, वारा घ्यायला उघडणारी तिकोनी काच. त्या गाडीत बसल्याची ओळख याच वस्तूंनी पटते. इंजिन पाहायला बॉनेट कोण उघडतो?

सीटचे काम त्यातल्या त्यात सोपे. खालच्या स्प्रिंगा बहुतेकदा शाबूत असतात. वरचे भरण बसलेले असते आणि रेक्झिन फाटलेले. ट्रॅक्टरच्या सीट शिवणारा गावातला कुशनवाला हे काम करू शकतो. जुने कव्हर उसवून त्याच्या तुकड्यांवरून कापड बेतायचे आणि शिवणीच्या रेघा होत्या तिथेच घालायच्या. जुने कव्हर आधीच फेकून दिले, की त्याला अंदाजाने कापावे लागते आणि तो अंदाज दिसतो.

घड्याळाची गोष्ट वेगळी आहे, कारण ते बिघडले की ‘आता कुठले मिळणार’ म्हणून त्याचा नाद सोडला जातो. जुन्या अमेरिकन आणि जर्मन गाड्यांतली कित्येक घड्याळे खरे तर चावीचीच असतात, फक्त चावी वीज देते. मिनिटा-दोन मिनिटांत स्प्रिंग सैल होते, दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइल झटका देऊन स्प्रिंग पुन्हा ताणते आणि पॉइंट सुटतात. बंद गाडीत बसले की मधूनच ‘टक’ असा आवाज येतो, तो याचा. बॅटरी कमजोर झाली की झटका अपुरा पडतो, पॉइंट टेकलेलेच राहतात आणि कॉइल तापते. काही जर्मन घड्याळांत अशा वेळी कमी उष्णतेला वितळणारा सोल्डरचा एक टाका सुटतो आणि कॉइल वाचते. म्हणजे बंद पडलेले घड्याळ अनेकदा मेलेले नसते, त्याने स्वतःला वाचवलेले असते. पॉइंट साफ करायचे, तो टाका तशाच सोल्डरने लावायचा आणि घड्याळाच्या तेलाचा बारीक थेंब द्यायचा, एवढेच काम असते. साध्या सोल्डरचा टाका वेळेवर सुटणार नाही आणि पुढच्या खेपेला कॉइल जळेल. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासणारा मिस्त्री आणि बाजारपेठेतला घड्याळवाला यांना एका टेबलाशी बसवले, तर हे काम परगावी पाठवायची गरज नाही.

मशीन काढून आत क्वार्ट्झ बसवणे हा सोपा मार्ग. काटे पळतात, वेळ अचूक मिळते. मात्र सेकंदकाट्याची चाल बदलते आणि तो ‘टक’ जातो. मशीन खरोखरच सडले असेल तर क्वार्ट्झला हरकत नाही, तबकडी आणि काटे तरी मूळचे राहू द्यावेत. आधी गाडी 6 व्होल्टची की 12 ची, हे तपासावे. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. ते न बघता जोडलेले इलेक्ट्रॉनिक यंत्र पहिल्याच दिवशी जाते.

सगळेच मूळचे ठेवा, असा हट्टही चुकीचा. तडकलेल्या वायरी, झिजलेले ब्रेकचे होस, पट्ट्याशिवायच्या सीट यांत जपण्यासारखे काही नाही. तिथे नवेच बसवावे.

सुटे भाग शोधायला लोणंदकरांना फार लांब जावे लागत नाही. गाव पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहे आणि पुण्याचा जुना बाजार रविवारी व बुधवारी भरतो. तिथे मीटर, हँडल, स्विच ढिगात पडलेले असतात. ते तिथे येतात, कारण कुणीतरी आपल्या गाडीतून उपटून टाकलेले असतात. तेव्हा गॅरेजमध्ये गाडी सोडताना मिस्त्रीला एवढे सांगा: काढलेला एकही भाग भंगारवाल्याला द्यायचा नाही. सगळे एका डब्यात घाला, वर गाडीचा नंबर लिहा आणि गाडी विकाल तेव्हा डबाही सोबत द्या.