विकलेल्या गाडीचें ‘न मम’

दान गाईचें असो वा भूमीचें, दात्यानें हातावरून पाणी सोडून ‘न मम’ म्हटल्यावांचून तें पुरें झालें असें आपल्याकडे कोणी मानीत नाहीं. दानाचीं अंगें दोन. देणाऱ्याचें स्वत्व निवृत्त व्हावयाचें आणि घेणाऱ्याचें उत्पन्न व्हावयाचें. पहिलें घडल्याविना दुसरें घडलें असें समजणें म्हणजे एका वस्तूस दोन धनी करून ठेवणें होय. देवघरांत हा विचार आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. परंतु दारांतली जुनी मोटारसायकल विकतांना आपण पैसे मोजून घेतों, किल्ली दुसऱ्याच्या हातावर ठेवतों, आणि ‘न मम’ म्हणावयाचें तेवढें विसरतों. या महिन्यांत वाचकांशीं त्याविषयीं चार शब्द बोलण्याचें आम्ही योजिलें आहे.

आमच्या धारूरसारख्या घाटमाथ्यावरील गांवीं जुन्या गाडीचा व्यवहार बहुधा ओळखीवर होतो. मुलगा पुण्यास नोकरीस लागला, त्यानें नवी गाडी घेतली, जुनी गांवाकडे पाठविली. ती शेजाऱ्यानें घेतली, त्यानें पुढें मेहुण्यास दिली. “घरचाच माणूस आहे, कागदाचें मागाहून पाहूं,” असें म्हणून चहा घेऊन मंडळी उठतात. हींच माणसें शेतजमीन घेतलीं म्हणजे फेरफार मंजूर होऊन सात-बाऱ्यावर नांव चढेपर्यंत तलाठ्याकडे खेटे घालतात. जमीन जागची हालत नाहीं, तरी तिची एवढी काळजी. गाडी तर रोज रस्त्यावर धांवते, आणि ती केव्हां कोणास धडकेल याचा नेम नाहीं.

कायद्याची दृष्टि येथें अगदीं स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें, एकदोन अपवाद सोडल्यास, ज्याच्या नांवें वाहनाची नोंद तोच त्याचा धनी. ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका प्रकरणांत ही व्याख्या जशीच्या तशी लावली. त्यांतील मोटार मूळ धन्यानें २००७ सालीं विकल्याचें सांगितलें होतें. ती पुढें आणखी कांहीं हातीं फिरली, आणि २००९ सालीं तिच्या धडकेनें एक जीव गेला. नोंद मात्र पहिल्याच्याच नांवें राहिलेली. गाडी केव्हांच विकली, आतां आपला संबंध नाहीं, हें त्याचें म्हणणें न्यायालयानें मानिलें नाहीं. भरपाईचा भार नोंदलेल्या धन्यावरच ठेविला. ज्याच्या घरचें माणूस गेलें त्यानें गाडी कोणीं कोणास विकली याचा माग काढीत दारोदार हिंडावें, हें न्याय्य नव्हे, असा त्यांतील विचार आहे. आणि तो आम्हांस पटतो. पण पेन्शनीवर चालणाऱ्या घरीं अशी एक नोटीस आली, तर मुलीच्या लग्नाकरितां जपलेली ठेव कोठें जाईल, याचा गृहस्थानें विचार करावा.

आतां ‘न मम’ म्हणावयाचें कसें तें सांगतों. राज्यांतल्या राज्यांत गाडी विकली, तर विकणाऱ्यानें नमुना २९ भरून परिवहन कार्यालयास १४ दिवसांच्या आंत वर्दी द्यावी, व तिची प्रत घेणाऱ्यास द्यावी. हेंच त्याचें उदक सोडणें. घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत नमुना ३० प्रमाणें आपलें नांव लावण्याचा अर्ज करावा. त्यावर दोघांच्याही सह्या लागतात. सोबत नोंदणीचें पुस्तक, चालू विमा, धूर-तपासणीचा दाखला व राहत्या जागेचा पुरावा जोडावा. गाडी कर्जाऊ घेतलेली असल्यास बँकेचें ना-हरकत-पत्र व नमुना ३५ देऊन पुस्तकांतील बोजा आधीं उतरवावा. विम्यावर नांव बदलण्यासाठीं घेणाऱ्यास १४ दिवसांची मुदत आहे. तिऱ्हाइताच्या इजेचा विमा कायद्यानेंच गाडीबरोबर जातो; परंतु स्वतःच्या गाडीची मोडतोड झाल्यास, पॉलिसीवर आपलें नांव नसेल तर कंपनी पैसे नाकारूं शकते.

सर्वांत घातक चाल म्हणजे कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ते दलालाच्या स्वाधीन करणें. कोऱ्या कागदावर सही करूं नये हें आपण मुलांस शिकवितों, आणि स्वतः मात्र दहा मिनिटांच्या घाईपायीं तेंच करितों. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांस सरकारी अधिकारपत्राची सोय झाली आहे. अशा व्यापाऱ्यास गाडी दिली व नमुना २९-ग ची वर्दी गेली, म्हणजे पुढील विक्रीपर्यंत तोच तिचा धनी समजला जातो. ज्याच्यापाशीं अधिकारपत्र नाहीं, त्याच्याशीं व्यवहार करितांना गाडी शेवटीं कोणाच्या नांवें जाणार तें विचारून घ्यावें.

गाडी दुसऱ्या राज्यांतून आणणाऱ्यांनीं विशेष जपावें. १९४८ पर्यंत धारूर निजामाच्या राज्यांत होतें. त्या काळीं नगर-सोलापुरास जाणें म्हणजे मोगलाई सोडून इंग्रजी हद्दींत जाणें, आणि मालावर करोडगिरी भरणें; हैदराबाद ही आपली राजधानी. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि आज गाडीच्या बाबतींत तेंच हैदराबाद आपणांस परमुलूख झालें आहे. तेथील कार्यालयाचें ना-हरकत-पत्र, म्हणजे नमुना २८, हातीं आल्याखेरीज सगळे पैसे मोजूं नयेत. विकणाऱ्यास या कामीं ४५ दिवसांची मुदत असते. गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इकडे ठेवावयाची तर बीडचा २३ किंवा अंबाजोगाईचा ४४, असा येथील क्रमांक घ्यावा लागतो, व महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. स्वस्त म्हणून आणलेली गाडी हा हिशेब मांडल्यावर कित्येकदां स्वस्त राहत नाहीं.

विलायतेंत शिकावयास गेलेल्या मुलांची गोष्ट निराळी. तेथें गाडीच्या नोंदणीपत्रावर जें नांव असतें तें गाडी बाळगणाऱ्याचें. तें पत्र मालकीचा पुरावा नव्हे, असें त्याच पत्रावर छापलेलें असतें. म्हणून विकत घेतांना पैशाची सहीनिशीं पावती अवश्य घ्यावी. विकणारा स्वान्सी येथील वाहन-कचेरीस कळवितो, घेणाऱ्यास पत्राचा हिरवा तुकडा मिळतो, व नवें पत्र मागाहून टपालानें येतें. ऑक्टोबर २०१४ पासून तेथें भरलेला वाहन-कर गाडीबरोबर जात नाहीं. घेणाऱ्यानें तो नव्यानें भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढूं नये.

घरोघरीं आढळणारी एक गोष्ट राहिली. वडील निवर्तले, त्यांची गाडी मुलगा वापरतो, पुस्तकावर नांव वडिलांचेंच. नियम असा कीं, मृत्यूपासून ३० दिवसांच्या आंत कार्यालयास कळवावें, व तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ प्रमाणें वारसानें नांव लावण्याचा अर्ज करावा. दुःखाच्या दिवसांत हें सुचत नाहीं हें खरें; म्हणून तेराव्यानंतर घरांतील एखाद्या वडीलधाऱ्यानेंच आठवण करून द्यावी.

कागद मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें, अशी आपल्या मंडळींची समजूत आहे. वस्तुतः ज्याच्यावर आपला लोभ आहे त्यास कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागूं नयेत, म्हणूनच कागद करावयाचा. तेव्हां येत्या रविवारीं कपाटांतील पुस्तकें काढून पाहावीं. विकलेली गाडी अजून आपल्याच नांवें आढळली, तर घेणाऱ्यास निरोप पाठवावा व दोघांनीं मिळून कार्यालयांत जाऊन यावें.