पांढरी पाच आणि गाण्यातला खडा

मुलांनो,

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या शाळेत गणिताच्या तासालाही लेझमीचा आवाज येतो. "मॅडम, प्रॅक्टिसला जाऊ?" असं विचारत दर पाच मिनिटांनी कोणीतरी दारात उभं असतं. मागच्या वर्षी नाचांबरोबर एक गाणंही बसवायचं ठरलं. गाणार होती चौथीतली एक मुलगी आणि पेटीवर साथ करणार होता तिच्याच वर्गातला एक मुलगा. दोघांची नावं मी सांगणार नाही. तशी त्यांनी मला अटच घातली आहे!

हा मुलगा कोणाकडे शिकलेला नव्हता. मावशीच्या घरी एक कॅसिओ होता. मोबाइलवर कुठली पट्टी दाबायची ते रंगाने दाखवणारे व्हिडिओ असतात ना, ते बघून बघून त्याने गाणं बसवलं होतं. शाळेत कॅसिओ नाही, आहे ती भात्याला ठिगळ लावलेली जुनी पेटी. पण पट्ट्या त्याच, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. पांढरी एकपासून सुरुवात करायची आणि सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या. अगदी सफाईने वाजवायचा.

अडलं ते गाणारणीचं. गाणं वर चढलं की तिचा आवाज फाटायचा. दोनतीनदा झालं, तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, माझा आवाज तिथं जातच नाही ना!"

मी म्हटलं, "अरे, जरा खालच्या पट्टीत घे. पांढरी पाचवरून वाजव."

त्याने खालच्या पांढरी पाचवर बोट ठेवलं आणि तसंच सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवलं. तिचा आवाज आता छान लागला. पण मुलांनो, गाण्यात एका जागी काहीतरी टोचलं. भात खाताना दाताखाली अचानक खडा यावा तसं! पुन्हा वाजवलं. पुन्हा तिथेच खडा.

"मी तर बरोबरच वाजवून राहिलो मॅडम!" तो म्हणाला. आणि खरंच, त्याच्या हिशेबाने तो बरोबरच वाजवत होता.

स्टाफरूममध्ये हा विषय निघाला. कोणी म्हणालं, "कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण असतं, ते दाबायचं." पण आमच्या पेटीला बटण कुठलं? मग कोणी सुचवलं, "एवढा त्रास कशाला? दुसरी मुलगी घ्या, जिचा आवाज पांढरी एकला जातो." खरं सांगते, क्षणभर मलाही ते सोपं वाटलं. वर्गाबाहेर आले तर ती मुलगी उंबऱ्याशीच उभी होती. तिने ऐकलं होतं. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मला माझीच लाज वाटली. आवाज तिचा, तो देवाने दिलेला. पट्टी बदलणं हे आमचं काम. ते आम्हाला येत नव्हतं, म्हणून शिक्षा तिला?

त्यातून मी लहानपणी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या! बिलावल, कल्याण, खमाज, काफी... दहा थाटांची नावं घडाघडा म्हणून मार्क मिळवले होते. पण त्यांचा पेटीच्या पट्ट्यांशी काय संबंध, हे कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं पेटीपुढे बसलो आणि पट्ट्या मोजायला लागलो. आता तुम्हीही मोजा. पेटी नसेल तर कागदावर काढा. मोबाइलवर पियानोचं फुकट अ‍ॅप मिळतं, तेही चालेल.

एका सा पासून वरच्या सा पर्यंत जाताना काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या लागतात. सात पांढऱ्या, पाच काळ्या. पांढरी एक म्हणजे कोणती? जिथे दोन काळ्या पट्ट्यांची जोडी दिसते, तिच्या लगेच डावीकडची. इंग्रजी पद्धतीत तिला सी म्हणतात. आता पांढरी एकला सा धरा आणि शेजारची प्रत्येक पट्टी, काळी असो की पांढरी, एक पाऊल समजा. सा पासून रे दोन पावलांवर, कारण मध्ये काळी आहे. रे पासून ग दोन पावलांवर. पण ग पासून म? एकच पाऊल! मध्ये काळी नाहीच. म पासून प दोन, प पासून ध दोन, ध पासून नि दोन आणि नि पासून वरचा सा पुन्हा एकच.

म्हणजे पाढा असा झाला: दोन दोन एक, दोन दोन दोन एक. बेरीज करा, बारा येते की नाही?

आता पांढरी पाचला सा धरा आणि हाच पाढा म्हणत चला. दोन पावलं, पांढरी सहा. दोन पावलं, पांढरी सात. एक पाऊल, वरची पांढरी एक. दोन, पांढरी दोन. दोन, पांढरी तीन. आता पुन्हा दोन पावलं हवीत. पण पांढरी तीन आणि पांढरी चार तर खेटून बसल्या आहेत, त्यांच्यात एकच पाऊल! म्हणून पुढे सरकून काळी तीन घ्यायची. तिथून एक पाऊल टाकलं की वरची पांढरी पाच. झालं!

आमचा खडा सापडला होता. मुलगा नि च्या जागी पांढरी चार दाबत होता, तिथे हवी होती काळी तीन. त्याने ती दाबली. मुलीने गाऊन बघितलं. खडा गायब! तो जागेवरून उडालाच. "मॅडम, आता कोणतीही पट्टी द्या!"

मग मला एक गंमत सुचली. त्याने चुकून जे वाजवलं होतं, पांढरी पाचपासून सगळ्या पांढऱ्या, त्यात नि एक पाऊल खाली येतो. आपण त्याला कोमल नि म्हणतो. बाकीचे सूर शुद्ध आणि नि कोमल, तो कोणता थाट? खमाज! म्हणजे त्या गाण्यात जी चूक होती, तीच दुसऱ्या गाण्यात शोभा असते. मग आम्ही प्रत्येक पांढऱ्या पट्टीला सा करून पाहिलं. काळीला हात लावायचा नाही. एकवरून बिलावल, दोनवरून काफी, तीनवरून भैरवी, चारवरून कल्याण, पाचवरून खमाज, सहावरून आसावरी. दहापैकी सहा थाट नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर! सातवरून मात्र प च लागत नाही. का, ते तुम्ही मोजून शोधा.

हे दहा थाट लावून दिले पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी. ते १८६० मध्ये जन्मले. शिक्षणाने वकील, पण देशभर फिरून त्यांनी बुजुर्ग गवयांकडून चिजा मिळवल्या आणि त्या कागदावर उतरवण्याची पद्धत बसवली. आणि दूर अमेरिकेत माइल्स डेव्हिस नावाच्या ट्रम्पेटवादकाने १९५९ मध्ये 'काइंड ऑफ ब्लू' ही जाझची तबकडी काढली. तिच्यातली पहिली रचना ज्या सुरांवर उभी आहे, ते सूर आपल्या काफी थाटाचेच. राग आणि जाझ एक नव्हेत, चाल वेगळी, वळणं वेगळी. पण पट्ट्या मोजणाऱ्याला दोन्ही घरांची दारं ओळखू येतात.

ही दोन्ही घरं ज्याने जवळ आणली, असा एक विद्यार्थी आपल्या नागपुरातच गाणं शिकला होता, हे तुम्हाला माहीत आहे? नाव रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८ चा, पुणतांब्याचा. लहानपणी नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे तो सारेगम घोटत बसायचा. त्याच गुरुजींकडे आणखी एक मुलगा शिकत होता, तो म्हणजे वसंतराव देशपांडे. होय, सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे, तेच! वसंतराव पुढे १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' नाटकात खाँसाहेब झाले आणि अजरामर झाले. चितळकर मुंबईच्या सिनेमात गेले आणि 'सी. रामचंद्र' झाले. 'शहनाई' (१९४७) आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांत त्यांनी पाश्चात्त्य बँडचा असा बाज आणला की लोक खुर्चीत बसल्याबसल्या पाय हलवू लागले. लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत गायलेलं, शहीद जवानांच्या आठवणीचं गाणं तुम्ही दर २६ जानेवारीला ऐकता ना? त्याची चालही त्यांचीच.

'अलबेला'च्या वेळी त्यांच्या साथीला होता गोव्याचा ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ. जाझच्या दुनियेत त्याला 'चिक चॉकलेट' म्हणत! तो त्या चित्रपटात आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. त्या काळी मुंबईच्या सिनेमात असे कितीतरी गोवेकर वादक होते. का बरं? कारण पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना अक्षरांबरोबर सूर वाचायलाही शिकवत. त्यांचे सूर दो, रे, मी, फा, सोल, ला, सी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) असेच चर्चच्या संगीतात वाढलेले. मुंबईत ते व्हायोलिन वाजवत आणि शिकवत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात गुरूचंच नाव गुंफलं गेलं. संगीतकार चाल गुणगुणायचा आणि ही मंडळी ती कागदावर उतरवून पन्नासपन्नास वादकांना वाटायची. सूर लिहिता-वाचता येत होते, म्हणून ते शक्य झालं.

आता कॉर्डबद्दल थोडंसं. पॉप वाजवा की जाझ, हिच्यावाचून भागत नाही. सा, ग आणि प एकदम दाबा. ही झाली मेजर कॉर्ड. मोजायची कशी? सा पासून चार पावलांवर ग, तिथून तीन पावलांवर प. ग एक पाऊल खाली आणला, म्हणजे आधी तीन आणि मग चार पावलं, की मायनर कॉर्ड. दोन्ही वाजवून बघा. एकाच पावलाने गाण्याचा चेहरा कसा बदलतो!

अशा तीन कॉर्ड शिका: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे. सातही सूर यांच्यात आले की नाही, तपासा. म्हणून तर शुद्ध सुरांतली किती तरी साधी गाणी या तिघींवर निभावतात. आणि जाझची चव हवी असेल तर बारा घरांचं हे आवर्तन घ्या, त्याला ब्लूज म्हणतात. प्रत्येक घरात चार मात्रा. पहिली चार घरं सा ची कॉर्ड, पुढची दोन म ची, दोन पुन्हा सा ची, मग एक घर प ची, एक म ची आणि शेवटची दोन सा ची. एकाने टाळी धरा, दुसऱ्याने वाजवा. चुकलात तर हसा आणि समेवर पुन्हा या.

पालकांसाठी दोन शब्द. "आधी सगळी थिअरी पाठ कर, मग वाद्याला हात लाव," असं मुलांना म्हणू नका. मी तशीच शिकले आणि वीस वर्षं थाट माझ्या तोंडात राहिले, बोटांत आलेच नाहीत. पण "नुसतं व्हिडिओ बघून वाज," एवढ्यावरही सोडू नका. पट्टी बदलली की ते पोर अडतं आणि त्याला वाटतं, आपल्याला येतच नाही. मुलं आधी वाजवू द्यात. खडा लागला की त्यांच्याशेजारी बसा आणि "का लागला बरं?" एवढंच विचारा. त्या वेळी सांगितलेला नियम जन्मभर लक्षात राहतो. महाग कीबोर्ड लगेच घ्यायला हवा असंही नाही. पुठ्ठ्यावर काढलेल्या बारा पट्ट्यांवरही पाढा म्हणता येतो.

गॅदरिंगच्या दिवशी आमचं गाणं पांढरी पाचवरच झालं. मुलगी मोकळ्या आवाजात गायली. पहिल्यांदा नि ची जागा आली तेव्हा मुलाने काळी तीनवर बोट ठेवता ठेवता माझ्याकडे बघून एवढा मोठा डोळा मिचकावला की पुढचा सूर जवळजवळ सुटलाच! टाळ्या पडल्या. पडदा पडल्यावर ती त्याला म्हणाली, "पुढच्या वर्षी माझा आवाज बदलला तर?" तो म्हणाला, "तू फक्त सा दाखव. बाकी मी मोजतो ना!"

बरं, आता तुमचा अभ्यास. पांढरी चारला सा धरा आणि पाढा म्हणत सात शुद्ध सूर वाजवा. एकच काळी पट्टी लागेल. ती कोणती आणि त्या पट्टीवर कोणता सूर आहे? उत्तर पुढच्या अंकात. तोवर मोजत राहा: दोन दोन एक, दोन दोन दोन एक!

तुमच्या मॅडम