घाट आला, ओव्हरड्राइव्ह बंद!

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कुणाकुणाकडे गिअरची सायकल आहे? असेल, तर एक गोष्ट तुमच्या पायांना केव्हाच कळलेली असेल. सपाट रस्त्यावर मोठा गिअर टाकला की पाय सावकाश फिरतात आणि सायकल मात्र पळते. चढ आला की तोच गिअर जड होतो, दम लागतो. मग आपण छोटा गिअर टाकतो. पाय भराभर फिरतात, सायकल हळू चालते, पण चढते!

मोटारीचंही असंच आहे. तिथे पायांच्या जागी इंजिन असतं, इतकंच.

आज आपण अमेरिकेतल्या पिकअप ट्रकची गंमत पाहू. पिकअप म्हणजे पुढे बसायची केबिन आणि मागे सामानासाठी उघडा हौदा. तिकडच्या बहुतेक पिकअप ऑटोमॅटिक असतात. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही. गाडी वेग बघते, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते बघते आणि आपला आपण गिअर बदलते.

१९७३ साली तेलाचं संकट आलं आणि तिकडे पेट्रोल वाचवायची धडपड सुरू झाली. त्यातून अशा गाड्यांत एक जास्तीचा गिअर आला, त्याचं नाव ओव्हरड्राइव्ह. जनरल मोटर्सचा १९८२ चा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घ्या. पहिल्या गिअरमध्ये चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा एक फेरा व्हायला इंजिनाला तीनाहून थोडे जास्त फेरे मारावे लागतात. तिसऱ्यात इंजिनाचा एक, शाफ्टचा एक. आणि चौथ्यात? शाफ्टच्या १००० फेऱ्यांना इंजिनाचे फक्त ७००! हाच ओव्हरड्राइव्ह. इंजिन निवांत, आवाज कमी, पेट्रोलची बचत.

मग हा गिअर कायमच चालू का ठेवू नये? चालू ठेवावाच, पण रस्ता सपाट, ओझं बेताचं आणि वेग एकसारखा असेल तेव्हा. मागे जड ट्रेलर जोडलाय आणि समोर चढ आहे, अशा वेळी काय होतं पाहा. चौथ्या गिअरमध्ये जोर पुरत नाही, म्हणून गाडी तिसऱ्यावर येते. जरा वेग आला की पुन्हा चौथ्यावर जाते. जोर कमी पडला की परत तिसऱ्यावर! या चढउतरीत गिअरबॉक्समधलं तेल तापतं आणि आतले भाग झिजतात. गाडीला पुढचा रस्ता दिसत नाही ना! तो दिसतो चालवणाऱ्याला. म्हणून अशा पुष्कळ गाड्यांच्या गिअरच्या दांड्यावर ओव्हरड्राइव्ह बंद करायचं छोटं बटण दिलेलं असे. आताच्या नव्या पिकअपमध्ये तर दहा-दहा गिअर असतात. त्यांत ओझं ओढण्यासाठी वेगळं बटण असतं. कामाचं तत्त्व मात्र तेच.

चढाचं कळलं. पण खरी परीक्षा उताराला असते.

ब्रेक काय करतो? गाडीच्या गतीची उष्णता करतो. एक हिशेब पाहा. २ टनांची गाडी १०० मीटर खाली उतरते, तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात जवळजवळ साडेसहा लीटर पाणी उकळीला येईल. थोडी ऊर्जा वारा आणि रस्ता खातात. उरलेली सगळी ब्रेकवर टाकली, तर ब्रेक इतके तापतात की त्यांची पकडच सुटते. पाय दाबलेला आणि गाडी थांबत नाही!

इथे लहान गिअर मदतीला येतो. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवू लागतात. गिअर लहान, तेवढे इंजिनाचे फेरे जास्त आणि तेवढा गाडीला रोध जास्त. ओव्हरड्राइव्हमध्ये मात्र हा रोध अगदी थोडा असतो. म्हणून नियम असा, की उतार सुरू होण्याआधी वेग कमी करायचा, ओव्हरड्राइव्ह बंद करायचा आणि उतार तीव्र असेल तर आणखी खालचा गिअर घ्यायचा.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक नावाचं ४,३०२ मीटर उंचीचं शिखर आहे. आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून उंच! त्याच्या माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे. उतरताना वाटेत ग्लेन कोव्ह इथे गाड्या थांबवून ब्रेक किती तापलेत ते तपासतात. फार तापले असतील, तर निवेपर्यंत पुढे सोडत नाहीत.

आपल्याकडे बोरघाटात लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना ५०० मीटरहून जास्त उतार आहे. १६ टनांच्या भरलेल्या ट्रकचा हिशेब केला, तर अडीचशे लीटरहून अधिक पाणी उकळेल. म्हणजे दोनशे लीटरचं आख्खं पिंप आणि वर दोन-तीन बादल्या! तरीही डिझेल वाचवायला काही चालक घाटात गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. मग इंजिनाचा रोध शून्य आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर. ब्रेक निकामी होऊन होणाऱ्या घाटातल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतोच. आणि बचत तरी कुठे होते? आजच्या गाड्या गिअरमध्ये उतरत असताना पाय काढला की इंजिनाला इंधन जवळजवळ थांबतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. बचत नाहीच, जीव मात्र टांगणीला!

तेव्हा मुलांनो, सहलीची गाडी घाट उतरायच्या बेतात असेल, तेव्हा चालककाकांना गोड आवाजात जरूर विचारा, “काका, गाडी गिअरमध्ये आहे ना?” आणि आई-बाबांनो, मुलांनी विचारलं तर रागावू नका हं!

आता तुमच्यासाठी गणित. ओव्हरड्राइव्हचा आकडा ०.७० आहे. शाफ्टचे २००० फेरे झाले, तर इंजिनाचे किती? आणि ओव्हरड्राइव्ह बंद करून आकडा १.०० झाला, तर किती? बघा बरं, जमतंय का!