रात्रपाळीचे कौतुक कोण करणार?

1 जुलैला, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या जन्मदिनी, डॉक्टर दिवस असतो. शाळा नुकतीच भरलेली, त्यामुळे भाषणे, गुलाब सगळे जमते. परिचारिका दिन 12 मेचा, तेव्हा मुले सुट्टीत मामाकडे! म्हणून सर्वच आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी जुलैत कृतज्ञता सप्ताह करावा, ही सूचना योग्यच आहे. पण सकाळी अकराला सभागृहात शाल-श्रीफळ, हा बेत मला पटत नाही. इंदूरचे एम. वाय. हॉस्पिटल काय किंवा गल्लीतले नर्सिंग होम काय, काम रात्रंदिवस चालते. अकराला सकाळची सिस्टर वॉर्ड सोडून येणार कशी? रात्रपाळीची तर तेव्हा कुठे आडवी झालेली असते. येतील ते साहेब लोक.

त्यापेक्षा मेट्रनबाईंना वेळ विचारून मुलांनीच चार-चारच्या गटाने तिकडे जावे. वॉर्डात नव्हे, ड्यूटीरूमच्या दाराशी. आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांची नावे यादीत आधी घालावीत. हार नकोत, ते झाडून काढायचे काम पुन्हा त्यांनाच! 22 मार्च 2020 ला आपण थाळ्या वाजवल्या, त्या संध्याकाळीही ही माणसे कामावरच होती. रात्रीच्या गटाबरोबर जायला दोन-तीन पालक लागतील. त्यांनी वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत.