घराजवळचं मेडिकल कॉलेज की लांबचं सरकारी? पसंतीक्रम भरण्याआधी हे वाचा

नीटचा निकाल लागला की कासा, तलासरी परिसरात पालकांचा एकच सूर असतो : कॉलेज जवळच आहे, मग लांब कशाला? डहाणू तालुक्यातच सासवंदला खासगी एमबीबीएस कॉलेज आहे, पालघरला होमिओपॅथीचं. तरीही केवळ अंतर पाहून केलेली निवड महागात पडू शकते.

आधी पदवी ठरवा
एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस हे तिन्ही अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे. वर्षे तेवढीच जातात, अधिकार मात्र वेगळे मिळतात. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीच्या ‘डीओ’ डॉक्टरला एमडीइतकेच अधिकार असतात. भारतात या तीन पदव्यांत तशी बरोबरी नाही.

मग खर्च पाहा
घरून ये-जा केल्यास राहण्याचा खर्च वाचतो, हे खरे. पण मोठा खर्च शुल्काचा असतो. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती कॅप फेरीतील प्रवेशावर मिळते, व्यवस्थापन कोट्यातील जागेवर नाही. लांबच्या शहरात सरकारी वसतिगृह मिळाले नाही, तर आदिवासी विकास विभागाची ‘स्वयं’ योजना आहे. डहाणूच्या प्रकल्प कार्यालयात आधीच चौकशी करावी.

यादी कशी लावावी?
पसंतीक्रम वरून खाली तपासला जातो. त्यामुळे ‘आपल्याला कुठे मिळणार’ म्हणून सरकारी कॉलेजे गाळू नयेत. जात वैधता प्रमाणपत्र तयार ठेवावे. जवळचे कॉलेज यादीत जरूर असावे. पण केवळ जवळ आहे म्हणून पहिल्या क्रमांकावर नको.