निळा रंग कुठपर्यंत, ते ग्रामसभा सांगेल



पूर्वी बुडिताची रेषा ठरवायला माणसं दुर्बीण आणि पट्टी घेऊन डोंगरावर यायची, दगड रोवायची. आता ती रेषा शहरात बसून कॉम्प्युटरवर काढता येते. त्या पद्धतीला जीआयएस म्हणतात. त्यात एका नकाशावर दुसरा नकाशा ठेवतात. खाली जमिनीची उंची, त्यावर नदी-नाले, त्यावर गट नंबर, त्यावर घरं. मग पाण्याची पातळी भरायची. त्या पातळीच्या खाली जे येईल ते निळं होतं. निळा रंग ज्याच्या घरावर पडला तो बुडितग्रस्त. ज्याच्यावर पडला नाही तो यादीत नाही, त्याला जमीन नाही, घराला प्लॉट नाही. म्हणून हा विषय फक्त शिकलेल्या पोरांचा नाही. कारभारी, म्हाताऱ्या बाया, सगळ्यांनी समजून घ्यायचा आहे.

सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली आपली ३३ गावं बुडितात धरली. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी १३८.६८ मीटर ठरली. जमीन संपादन करायची ती या पातळीपर्यंतच. घरं मात्र त्याच्या वर, महापुराच्या पातळीपर्यंत आणि मागे चढणाऱ्या पाण्याच्या फुगवट्यापर्यंत मोजायची. म्हणजे रेषा एक नाही. नकाशा समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: यातली कोणती रेषा काढली?

फुगवटा म्हणजे काय ते सोपं आहे. धरणाचं पाणी थाळीतल्या पाण्यासारखं सपाट राहत नाही. वरून मोठा पूर आला की जलाशयाच्या वरच्या भागात पाणी चढतं, नाल्यात मागे सरकतं. तो किती चढेल हे हिशेबाने काढतात, आणि हिशेब बदलला की माणसं गायब होतात. मध्य प्रदेशात फुगवट्याचा हिशेब नवा केला आणि १५,९४६ कुटुंबं बुडिताच्या बाहेर काढली. सप्टेंबर २०२३ च्या पुरात तिकडे निमाडमध्ये, ज्यांना रेषेच्या बाहेर ठरवलं होतं, त्यांच्याही घरात पाणी शिरलं.

‘शंभर वर्षांतला पूर’ या शब्दानेही फसायचं नाही. त्याचा अर्थ शंभर वर्षांनी एकदा असा नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. तीस वर्षं एका घरात राहिलं तर तो पाहण्याची शक्यता चारात एक होते.

आता नकाशा कुठे चुकतो ते बघू. फुकट मिळणारी उंचीची माहिती बहुतेक तीस मीटरच्या चौकटीची असते. एका चौकटीला एकच उंची. सातपुड्याच्या उतारावर तीस मीटर चाललं तर पंधरा मीटर चढ होतो. त्या एका चौकटीत खाली शेत, वर घर, दोन्ही बसतात. २००० साली अवकाशयानातून रडारने जी उंची मोजली ती आजही वापरली जाते. दाट झाडीत ते रडार जमिनीपर्यंत पोचत नाही, झाडाचा शेंडा धरतं. म्हणजे जमीन आहे त्यापेक्षा उंच दिसते, आणि कोरडी दाखवली जाते. जिथे एका मीटरवर घराचा फैसला होतो, तिथे अशी माहिती चालणार नाही.

पावसाळ्यात ढग असतात, म्हणून साध्या फोटोत पूर दिसत नाही. ढगातून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, ते कामाचे आहेत. पण अरुंद दरीत डोंगराची सावली त्यांना पाण्यासारखीच काळी दिसते.

आणि दोन गोष्टी कॉम्प्युटरला कळतच नाहीत. एक, टापू. चारी बाजूंनी पाणी आणि मधे उंचावर चार घरं. नकाशा म्हणतो, कोरडं आहे, सुरक्षित आहे. रेशनला कसं जायचं, बाळंतीण कशी न्यायची, हे त्या रंगात नाही. दुसरी, आपलं नेवाड. त्याचा गट नंबर नाही, सातबारा नाही. नकाशात ते नुसतं जंगल. पाणी आलं तर सरकारी हिशेबात जंगल बुडालं, शेत नाही.

आम्ही नकाशाच्या विरोधात नाही. वनहक्काच्या दाव्यात जीपीएसने मोजलेले प्लॉट आपल्याच कामाला येतात. पण त्याच कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांत लिहिलंय की उपग्रहाचा फोटो दुसऱ्या पुराव्यांना जोड म्हणून वापरायचा, तोच एकमेव पुरावा धरायचा नाही. जंगल जमिनीला जो न्याय, तोच पुराला लावा, ही आमची मागणी आहे.

म्हणून गावागावात एवढं काम करा:

१. पाणी सर्वात वर कुठे चढलं तिथे झाडाला, खडकाला पक्की खूण करा. तारीख लिहा. दोन साक्षीदार, त्यात एक बाई असू द्या.
२. फोनच्या जीपीएसने त्या जागेची नोंद घ्या, फोटो काढा. फोन उंची दाखवतो ती लिहू नका, ती फार चुकते. उंची मोजायला मोजणीवाल्यांना त्या खुणेवर आणा.
३. म्हाताऱ्यांना विचारून जुन्या पुरांच्या जागा वहीत लिहा. नाल्याकाठचे पाडे, टापू होणारी घरं, नेवाड, पायवाटा, सगळं हाताने काढलेल्या नकाशावर दाखवा.
४. हे सगळं ग्रामसभेत वाचा, ठराव करा, प्रत द्या आणि पोच घ्या.

कोणताही पूररेषेचा नकाशा आला तर तो गावात, आपल्या बोलीत समजावून सांगितला पाहिजे. उंची कुठून घेतली, कोणत्या सालची, किती चूक धरली, हे सांगितलं पाहिजे. तोवर त्यावर कोणी सही-अंगठा करू नये. रंग त्यांनी भरला असेल, पण पाणी कुठे येतं ते आपण पाहिलेलं आहे.