ज्येष्ठता पगारात असू द्या, झोपेत नको

खानदेशात रेल्वेची नोकरी लागली की आजही पेढे वाटले जातात. त्यातून पोरगा सहायक लोको पायलट झाला असेल तर विचारायलाच नको. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, कुठल्याही गल्लीत जा, चार घरं सोडून एक रेल्वेवाला सापडतोच. नसेल तर त्याचा साडू तरी. म्हणजे विषय आमच्याकडे अगदी घरगुती. आणि घरगुती विषयावर कोणी नीट बोलत नाही, हे आलंच. आज मी बोलणार आहे. नाना, आप्पा, भाऊ मंडळींनी आधी पूर्ण वाचावं आणि मगच फोन करावा, ही नम्र विनंती :-)

मुद्दा आधीच सांगून टाकतो. सेवाज्येष्ठतेप्रमाणे पगार वाढावा, पद वाढावं, मालगाडीवरून मेलवर जावं, माझी काडीचीही हरकत नाही. पण रात्रीची झोप ज्येष्ठतेप्रमाणे वाटू नये. आज ती तशीच वाटली जाते, आणि आपण सगळे त्याला 'शिस्त' म्हणतो.

ज्यांना रेल्वेतलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भरती होते ती सहायक म्हणून. मग वर्षानुवर्षांनी मालगाडीचा लोको पायलट, मग पॅसेंजर, मग मेल-एक्स्प्रेस. सुरेखा यादव यांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या, ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन चालवली आणि २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. शिडी केवढी लांब आहे ते यावरून कळावं. 'मग काय, वंदे भारत कधी चालवणार?' असं नव्या पोराला लग्नाच्या पंगतीत विचारणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

शिडी लांब असण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार खालच्या पायरीवर काय ठेवलंय त्याबद्दल आहे.

मेल-एक्स्प्रेसवाल्यांना 'लिंक' असते. म्हणजे कुठल्या दिवशी कुठली गाडी घेऊन जायचं आणि कधी परत यायचं हे आधी ठरलेलं. त्यातही रात्री असतात, नाही असं नाही. पण मंगळवारी रात्री ड्यूटी आहे हे माणसाला रविवारी माहीत असतं. मालगाडीला वेळापत्रक नाही, त्यामुळे मालगाडीवाल्याला लिंकही नाही. त्याला 'कॉल' येतो. साधारण दोन तास आधी फोन वाजतो, उठायचं, पाठीला बॅग मारायची आणि लॉबीत जाऊन साइन ऑन करायचं. नवा सहायक बहुतेक करून इथेच असतो.

आता कोणी म्हणेल, अहो पण विश्रांतीचे नियम आहेत ना! आहेत. आठ तासांहून जास्त ड्यूटी करून मुख्यालयी परतला तर १६ तास विश्रांती, कमी असेल तर १२. शिवाय महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच मोठ्या विश्रांती. कागदावर छान वाटतं. जरा गणित करून बघा. पोरगा रात्रभर गाडी हाकून सकाळी ८ ला साइन ऑफ झाला. १६ तास कधी संपले? रात्री १२ ला. म्हणजे १० ला कॉल. दुपारभर तो 'विश्रांती' घेत होता, भुसावळच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, कूलरच्या घरघरीत, घरात लहान मूल आणि दारात भाजीवाला. रात्री १२ ला निघून सकाळी ९ ला बडनेऱ्याला किंवा खंडव्याला पोचला, रनिंग रूममध्ये दिवसा आठ तास पडला, आणि संध्याकाळी परतीची गाडी. झाली पुन्हा रात्र. नियम एकही मोडला नाही! नियम तास मोजतो. ते तास उजेडाचे आहेत की अंधाराचे, ते बघत नाही.

रात्रपाळी म्हणजे नुसती सवयीची गोष्ट असं मानणाऱ्यांसाठी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचं काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं.

यावर घरोघरी मिळणारं पहिलं उत्तर म्हणजे, 'आम्हीपण काढलं, तुम्हीपण काढा.' सासूने सुनेला द्यावं तसं हे उत्तर आहे. आप्पांनी कोळशाच्या इंजिनापुढे फावडं मारलं म्हणून आज कोणी पुन्हा कोळसा घालत नाही. फावडं गेलं, डिझेलही बरंचसं गेलं, वीज आली. सोसण्याची पद्धत तेवढी का जपून ठेवायची?

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे आणि मी ते मान्य करतो. यादी नसेल तर काय येईल? टेबलावरच्या माणसाची मर्जी. कोण कोणाच्या गावचा, कोण कोणत्या युनियनचा, कोणी दिवाळीला काय पोचवलं, यावर ड्यूटी लागेल. एसटीतली मंडळी हे छान समजावून सांगतील. मुक्कामी गाडी कोणाला आणि सरळ पुण्याची फेरी कोणाला, यावर डेपोडेपोत धुसफूस चालते. 'टी-९ प्रमाणे फिरती ड्यूटी लावा' ही तिथली मागणी काही आजची नाही. यादी आंधळी असते, पण ती लाच खात नाही. म्हणून यादी फाडा म्हणणाऱ्या तरुण मित्रांच्या बाजूने मी नाही.

तिसरं उत्तर अनुभवाचं. प्रवाशांची गाडी अनुभवी हातात, मालगाडी शिकाऊ हातात. ऐकायला बरोबर. पण मालगाडी म्हणजे ५८-५९ वाघिणी, भरलेली असेल तर साडेचार-पाच हजार टन. आणि ती धावते कुठे? त्याच रुळावर. १७ जून २०२४ ला पश्चिम बंगालमध्ये रंगापानीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. मालगाडीचा लोको पायलट गेला, एक्स्प्रेसचा गार्ड गेला, प्रवासी गेले. त्याच दिवशी बोट मेलेल्या लोको पायलटाकडे दाखवून झालं. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात दिसलं की सिग्नल बंद असताना दिलेला कागदच चुकीचा होता आणि अशा वेळी काय करायचं याचं प्रशिक्षण अपुरं होतं. हा अपघात ज्येष्ठतेमुळे झाला असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की मालगाडीच्या केबिनमधला माणूस ताजातवाना असणं ही एक्स्प्रेसमधल्या प्रवाशाचीही गरज आहे. ज्याच्याकडे अनुभव सगळ्यात कमी, त्यालाच झोपही सगळ्यात कमी द्यायची, हे कुठलं शहाणपण?

चौथं उत्तर वयाचं. 'पंचावन्नाव्या वर्षी रात्री सोसत नाहीत, तरुण रक्ताने सोसाव्यात.' पटण्यासारखं आहे. पण ज्येष्ठता म्हणजे वय नव्हे! प्रशिक्षण घेऊन रुजू होणाऱ्यांचा यादीतला क्रमांक प्रशिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेतल्या गुणांवर ठरतो. दोन गुणांनी मागे पडलेला तीस वर्षं मागेच. आणि त्याहून गमतीचं म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून बदली. आपल्याकडची किती पोरं बिलासपूर, सिकंदराबाद, कुठकुठल्या विभागात लागली आहेत. आईबाप थकले की गावाकडे यायचं म्हणून भुसावळ विभाग मागतात. बदली मिळते, पण ज्येष्ठता शून्यावर. यादीच्या तळाशी. म्हणजे अठ्ठावीस-तीस वर्षांचा पुढे आणि बेचाळीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, त्याच्या मागे. वयाची काळजी असेल तर वयाचा नियम करा ना. पन्नाशीनंतर, किंवा डॉक्टरांनी सांगितलं तर, रात्री कमी. उघडपणे करा. ज्येष्ठतेच्या यादीला वय दिसत नाही.

हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कर्मचारी ठराविक काळाने आपापली ड्यूटी निवडतात, ज्येष्ठतेच्या क्रमाने. जुने दिवसपाळी आणि शनिवार-रविवारची सुट्टी उचलतात. नवे 'एक्स्ट्रा' यादीत, उरलेली भोकं बुजवायला. जगभर नव्या माणसाला ताटात उरलेलंच मिळतं, म्हणून ते ताजं होत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी. एक, सलग रात्रींची मर्यादा दोन, आणि ती सगळ्यांना सारखी. लोको पायलटांच्या संघटनेची ही जुनीच मागणी आहे. जून २०२४ मध्ये केरळातल्या लोको पायलटांनी नियमातली विश्रांती नियमानेच घेऊन आंदोलन केलं, तेव्हा ती पुन्हा चर्चेत आली. दोन, मालगाडीला वेळापत्रक नसलं तरी माणसाला असू शकतं. 'तुला कॉल आला तर याच आठ तासांत येईल, बाहेर नाही' एवढं आदल्या दिवशी सांगा. तीन, सहायकाला मालगाडीवर आणि मेलवर काम जवळपास सारखंच, सिग्नल पुकारायचे आणि नजर ठेवायची. तेव्हा प्रत्येक नव्या सहायकाला वर्षातले काही आठवडे लिंकवर फिरवा. पद नको, ठरलेलं घड्याळ द्या. ज्येष्ठांचे किलोमीटर भराभर होतात, भत्ता जास्त मिळतो, तो त्यांना मिळो. त्यांनी तो कमावलाय.

माणसं कमी आहेत, हे उत्तर येणारच. २०२४ मध्ये सहायक लोको पायलटांच्या ५,६९६ जागांची जाहिरात निघाली आणि काही महिन्यांत तीच संख्या १८,७९९ करावी लागली. म्हणजे टंचाई खुद्द रेल्वेनेच मान्य केली. टंचाईचा भार सगळ्यांनी मिळून उचलायचा असतो, यादीच्या तळाच्या पोरांवर लोटायचा नसतो.

हे आत्ता लिहायचं कारणही आहे. मनमाड-इंदूर नव्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. तो धुळ्यावरून जाणार. चाळीसगावच्या फाट्यावर शतकभर टांगलेलं धुळं मुख्य रस्त्याला लागेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जळगाव-मनमाड चौथी आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाइन मंजूर झाली. एवढे रूळ पडले की मालगाड्या वाढणार, नव्या लिंक्स आखल्या जाणार, नवी पोरं भरती होणार. आपल्याच गल्लीतली. जुनी लिंक बदलायला गेलं की दहा जण दुखावतात. नवी आखताना कोणाच्या तोंडचं काढून घ्यावं लागत नाही. जे काही करायचं ते त्या कागदावर पहिली रेघ पडायच्या आत करायला हवं.

युनियनमध्ये वजन असलेले आमचे बरेच नातेवाईक हे वाचतात, ठाऊक आहे मला. पुढच्या मीटिंगमध्ये बोलायला उभे राहाल तेव्हा यादीच्या वरच्या टोकाकडून बोलाल की तळाकडून, तेवढं ठरवा. फोनवर भांडायला मी आहेच.